एका घावाचा टाक

टंकवलीच्या देव्हाऱ्यात डोकावणाऱ्या पाहुण्याला हमखास वाटते की इथला सोनार आंधळा असावा. चांदीच्या टाकावर घरातल्या गेलेल्या माणसाचा मुखवटा उठवलेला असतो, पण कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी कान, नाहीतर अर्धी हनुवटी दिसते. गावचे म्हातारे बाळोबा सोनार हे नावे ठेवणे ऐकून घेतात आणि पाहुण्याला देवळामागच्या काळ्या कातळावर नेतात. कातळात वाटीएवढा खळगा आहे. त्यात हात घालायला लावल्याशिवाय ते भायलाईची गोष्ट सुरू करत नाहीत.

असे सांगतात की फार पूर्वी घाटाच्या तोंडाशी या जागी टांकसाळ होती आणि खळग्यात तिची ऐरण बसवलेली होती. नाण्यावर राजाचा चेहरा आणि भोवती यवनांची, म्हणजे ग्रीकांची, अक्षरे असत. ती गावात कुणाला वाचता येत नसत. कोरणाऱ्या अर्तमलाही धड येत नव्हती म्हणे. आज्याने समुद्रापलीकडून आणलेली विद्या नातवापर्यंत येता येता पाझरून गेली होती. हात मात्र बापजाद्यांचाच होता. तो ठशात उलटा राजा कोरी आणि नाण्यावर सुलटा उठे. त्याची बायको भायिला, गावाची भायलाई, इथल्याच लोहाराची लेक. चांदीच्या चकत्या तापवून त्यांच्यावर घण घालायचे काम तिचे. तिच्या कानात तीन मण्यांची कुडी असे.

एके दिवशी अर्तम ओट्यावर नवा ठसा कोरत बसला होता. राजाच्या नाकापर्यंत आला होता, तेवढ्यात राजा हरल्याची बातमी घेऊन भायिला ओरडतच अंगणात आली. तो दचकला, छिन्नी घसरली आणि नाकपुडीवर तिळाएवढी खोच पडली. ती सारखी करायला सवड नव्हती, कारण राजाचे घोडेस्वार त्याला न्यायला दारात उभे होते. पळणाऱ्या राजाला एक वेळ सिंहासन नसले तरी चालते, नाणे पाडणारा लागतोच. अर्तमने घाईघाईने राजाच्या कानावर तीन ठिपके कोरले.

"इथून पुढे जो ठसा कोरीन, त्याच्या कानात तुझी कुडी घालीन," तो म्हणाला. "ती दिसली की समज, मी जिवंत आहे."

ठसा कमरेला बांधून तो घाटापलीकडे गेला.

नवा राजा आला. जुनी नाणी वितळवायला कोळसा पुरणार नाही, म्हणून त्यांच्यावरच आपला डोंगर आणि चंद्रकोर ठोकायचा हुकूम त्याने दिला. देखरेखीला बसवलेल्या अमात्याने बजावले की प्रत्येक नाण्यावर दोन घाव पडले पाहिजेत. पहिल्याने जुना चेहरा दबतो, दुसऱ्याने पुसला जातो. चेहरा दिसला तर ठोकणाऱ्याचा हात तुटेल. भायिलाने घण उचलला. न उचलून सांगते कुणाला?

महिन्याभराने व्यापाऱ्यांच्या बैलांवरून घाटापलीकडची करकरीत नाणी येऊ लागली आणि त्यांच्या कानात तीन ठिपके होते. भायिला हसली, रडली, आणि दोन घाव घालून तिने हातातले नाणे पुसले. त्या दिवसापासून तिने नेम धरला, कुडी दिसल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. नवरा जिवंत असल्याची खूण रोज तिच्या हाताला लागे आणि रोज तिच्याच हाताने नाहीशी होई. असे सात महिने चालले. पुढे पुढे ठिपके पुसट होत गेले. भट्टीपुढे आपले डोळे गेले, असे तिने मनाला समजावले. वेडी आशा माणसाला काय काय समजावते!

मग पळालेल्या राजाचा शेवटचा गड पडला आणि तिथली एक थैली टांकसाळीत आली. आता हिच्यामागून दुसरी येणार नव्हती. भायिलाने पहिले नाणे उचलले. कान जवळजवळ सपाट झाला होता. तिने ते उन्हाकडे वळवले, आणि सात महिन्यांत प्रथमच तिची नजर कानावरून नाकावर गेली. नाकपुडीवर तिळाएवढा फुगवटा होता.

तिने दुसरे पाहिले, तिसरे पाहिले, सारी थैली कातळावर ओतली. प्रत्येक नाकावर तोच फुगवटा. तिच्याच अंगणात, तिच्याच ओरडण्याने घसरलेल्या छिन्नीची ती खोच नाण्यावर फुगून उठली होती. सगळी नाणी त्या एकाच ठशाची होती. ठसा झिजत गेला होता, तिचे डोळे नव्हे. दुसरा ठसा अर्तमने कधी कोरलाच नव्हता. कोरायला तो उरलाच नव्हता. टांकसाळीत राबलेल्या बाईला ठसा माणसामागे उरतो हे कळायला हवे होते, पण ते कळून घेण्याची तिची हिंमत नव्हती.

त्याच्या हातचे म्हणून जगात जे होते, ते तिने स्वतः दोन दोन घावांनी संपवले होते. उरली होती ती ही थैली.

असे म्हणतात की ती मग रडली नाही. एकेक नाणे तापवून तिने कान कडेच्या मोकळ्या जागेत येईल असे ऐरणीवर बसवले, एकच घाव घातला आणि घण खाली ठेवला. डोंगर उठला, चंद्रकोर उठली, कडेला कान राहिला. अमात्य धावत आला. त्याने दुसरा घाव मागितला.

"पहिला राजाचा होता, तो घातला," भायिला म्हणाली. "दुसरा माझ्या माणसावर पडतो. तो मी घालायची न्हाई."

तिने आपणच उजवा हात ऐरणीवर ठेवला. अमात्याने तो तोडला. मग घण तिच्या भावाच्या हाती दिला; त्याने एक घाव घालून घण खाली ठेवला. त्याच्या मागच्यानेही तेच केले. सगळ्यांचे हात तोडले तर राजाचे नाणे कोण पाडणार? ती थैली तशीच एका घावाची बाहेर पडली.

आजही टंकवलीत कुणी वारले की नवी चांदी आणत नाहीत. घरातला जुना टाक घेऊन या कातळावर येतात आणि त्याच्यावरच नवा मुखवटा ठोकतात, एका घावात. गेल्या वर्षी बाळोबांची बायको गेली. आपल्या आईच्या टाकावर त्यांनी बायकोचा मुखवटा ठोकला. तो फिका उठला, ओठ तर उठलेच नाहीत. घण पुन्हा वर गेला होता, असे पाहणारे सांगतात. मग बाळोबांनी तो खळग्याशेजारी ठेवला आणि टाक धोतराच्या सोग्याने पुसून घरी नेला.