हणमंतशेठची तलवार आणि सुगंधाची काठी

हणमंतशेठचा राक्षस काही मरेना!

रोज दुपारी ट्रॅक्टरच्या शोरूमचं शटर अर्ध्यावर यायचं. शेठ आणि चार नोकर मोबाइल काढायचे, ऑनलाइन खेळातल्या राक्षसाच्या गुहेत शिरायचे आणि यथेच्छ मार खाऊन परत यायचे. खेळात शेठना सगळे महाराज म्हणत. त्यांची तलवार अशी दांडगी, की पेलायला दोन्ही हात लागत. महाराजांकडे तलवार म्हटल्यावर तिघा नोकरांनीही तलवारीच घेतल्या. ढाल घ्यावी तर शेठ भित्रा म्हणतील, आणि राक्षसापेक्षा शेठ वाईट! एकटी सुगंधा, स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसणारी, जखमा भरणारी काठी घेऊन मागे उभी राहायची. चौघांना जगवता जगवता तिची पुरेवाट व्हायची.

बाराव्या दिवशीही हरल्यावर शेठनी कोणी किती घाव घातले त्याचा तक्ता उघडला. सुगंधापुढे शून्य. नाचता येईना अंगण वाकडं, तसं शेठना ते शून्य बरं सापडलं. रविवारच्या तालुका स्पर्धेत हिच्या जागी आपला भाचा खेळेल, असं त्यांनी जाहीर केलं. भाच्याकडेही अर्थात तलवारच होती.

सुगंधाला ते फार लागलं. महिनाभर ती त्या स्पर्धेची वाट बघत होती. जागा राखायला काय करू, असं तिने विचारलं.

"मला हरव," शेठ मिशीतल्या मिशीत हसले. "त्याच काठीने. आणि एकही घाव न घालता!"

नोकरही हसले. शेठ हसले की हसायचं, हे त्यांच्या कामातच मोडत होतं.

"चालेल," सुगंधा म्हणाली. "आधी पडेल तो हरला. फक्त जागा मी ठरवणार."

तिने राक्षसाचीच गुहा निवडली.

दोघं आत शिरले. राक्षस घोरत पडला होता; सुगंधा नेमकी त्याच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. शेठनी गरकन तलवार फिरवून सुगंधावर वार केला. पण त्या गुहेत आपल्याच माणसाचा वार आपल्याला लागत नाही, हे ते विसरले होते. तलवार सुगंधातून आरपार गेली आणि थेट राक्षसाच्या नाकावर बसली. आणि हा राक्षस असा, की जो जोरात मारेल त्याच्याच मागे लागायचा. शेठचे दोन्ही हात तलवारीत अडकलेले. ढाल धरणार कशाने?

"अगं, काठी फिरव की!" शेठ ओरडले.

"आज मी तुमच्याविरुद्ध आहे, शेठ."

चौदा सेकंदांत महाराज आडवे झाले. सुगंधाने राक्षसाला बोटही लावलं नव्हतं, म्हणून तो तिच्याकडे न बघताच पुन्हा झोपला.

"पण तू तर काहीच केलं नाहीस!" शेठ तणतणले.

"तेच तर म्हणते. एरवी दहा मिनिटं उभे असता, ते कोणाच्या जिवावर? शेठ, चार इंजिनं आणि ब्रेक एकही नाही, असा ट्रॅक्टर तुम्ही गिऱ्हाइकाला विकाल का?"

शेठनी मोबाइल खाली ठेवला. मग असे गदगदून हसले, की खुर्ची करकरली. जागा तर तुझीच, पण आणखी काय हवं ते माग, असं त्यांनी सांगितलं. कोणी कोणतं शस्त्र घ्यायचं ते आपण ठरवणार, असं तिने मागितलं आणि शेठची तलवार काढून त्या तिघांपैकी गाड्या धुणाऱ्या नामदेवला दिली. शेठच्या हाती आली ढाल.

"मलाच का गं?"

"मार अंगावर घ्यायला तुमच्याएवढं अंग आहे कोणाचं?"

त्याच दुपारी राक्षस मेला. तक्त्यात शेठपुढे शून्य होतं. शेठनी तो तक्ता छापून, फ्रेम करून आपल्या खुर्चीमागे टांगला.