रहाटाचा दांडा शेजारघरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आपण सगळे विसरलो आहोत. तेव्हा विसरणाऱ्या माणसाला हसायचं नाही, हे आधीच ठरवून टाकू.

एका उंच कड्यावर एक गाव होतं आणि कड्याखाली बाजारपेठ. पायवाट लांबची, म्हणून सगळा व्यवहार दोरावर चाले. कड्याकाठच्या प्रत्येक घराला रहाट, रहाटाला दोर आणि दोराला पाटी. खालून कुणी हाळी दिली की पाटी सोडायची आणि दांडा फिरवून वर ओढायची. खाली कायम धुकं असे. माणूस दिसत नसे, नुसता आवाज येई. पण आलेल्या हाळीला ओ द्यायचीच, अशी गावाची रीत होती आणि गावाला तिचा मोठा अभिमान होता.

तिथे एक म्हातारी राहत होती. तिची लेक खाली बाजारपेठेत दिलेली. रोज सकाळी लेक हाळी देई, म्हातारी पाटीतून ताक सोडी आणि लेक फुलं पाठवी. अलीकडे म्हातारीला सकाळचं दुपारी आठवत नसे. कधी सुनेलाच विचारी, बाई तू कुणाची? पण लेकीची हाळी तिने कधी चुकवली नाही. तेवढ्यावर ती जगत होती म्हणा ना.

बाजारातल्या एका ठकाला हे समजलं. लेक घरी परतल्यावर तो कड्याखाली आला आणि ओरडला, "म्हातारे, मी राजाचा शिपाई. तुझ्या मुलाला चोर म्हणून धरलंय. तो सुटायला हवा असेल तर घरातला तांब्याचा हंडा खाली सोड. आणि कुणाला सांगू नकोस, नाहीतर त्याला फटके बसतील."

म्हातारीच्या काळजात धस्स झालं. तिने लगेच हंडा खाली सोडला. संध्याकाळी मुलगा शेतावरून धडधाकट परत आला, तोवर ती सारं विसरूनही गेली होती. मग परात गेली. मग समया गेल्या. ठकाला रोज नवी थाप मारायचीही गरज पडेना.

शेवटी शेजारणीने पाटी उतरताना पाहिली आणि सगळा उलगडा झाला. मुलगा संतापला. म्हातारी रडत म्हणाली, "मी दिलं? मला आठवत नाही रे बाबा." पाटलाने मान डोलावली, हिच्या हाती दोर नकोच म्हणून सांगितलं, आणि मुलाने दोर सोडून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी लेकीने हाळीवर हाळी दिली. म्हातारी मोकळ्या रहाटाशी बसून राहिली. तिने ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सुनेला ते बघवेना. ठकाचं बळ कशात आहे, याचा ती विचार करत बसली. मग उठली, दोर पुन्हा बांधला, रहाटाचा दांडा काढला आणि शेजारणीच्या ओसरीवर नेऊन टांगला. ती म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, यातच त्याची सारी ताकद आहे. आता पाटी सोडायची तर आधी शेजारी जावं लागेल. दांडा न्यायचा तर शेजारणीनेही सोबत यायचं."

एकट्या सासूबाईंनाच हा नियम लावला तर त्यांना टोचेल, म्हणून सगळ्या घरांनी तसं करावं, असंही तिने सुचवलं. पाटील भडकले. आम्हाला काय बुद्धिभ्रंश झालाय, म्हणाले. तेव्हा पाटलीणबाईंनी शांतपणे विचारलं, की गेल्या वर्षी दरबारी पदवी मिळणार म्हणून कुणा अनोळख्याला चांदीच्या मुठीची काठी खाली सोडली ती कुणी? पाटील उठले. स्वतःचा दांडा उचलून निमूटपणे शेजारी देऊन आले.

लेकीच्या हाळ्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या, तसा ठकही परतला. तीच थाप, तोच दरारा. म्हातारी धापा टाकत शेजारी गेली. कशाला हवाय दांडा, असं विचारलं तर सांगायचं नाही म्हणाली. शेजारीण रागावली नाही, वादही घातला नाही. दांडा काखेत मारून ती जवळच्या शेतावर गेली आणि मुलाला आणून आईसमोर उभं केलं.

म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "फटके नाही ना बसले?"

"नाही आई. मी इथेच होतो."

भीती गेली आणि म्हातारीची जुनी बुद्धी जागेवर आली. तरुणपणी बाजारातले व्यापारी तिच्याशी घासाघीस करायला घाबरत. ती कड्यावरून वाकून गोड आवाजात म्हणाली, "शिपाईदादा, हा दुसरा हंडा फार जड आहे. पाटीत बसून वर या आणि तुम्हीच उचलून न्या. घरात अजून पुष्कळ आहे."

लोभाला डोळे कुठले? ठक पाटीत बसला. सगळ्यांनी मिळून दांडा फिरवला, आणि निम्म्या वाटेवर रहाटाला खुंटी घातली.

ठक त्रिशंकू होऊन लटकला. आधी त्याने धमकावलं, मग तो रडला, मग त्याने गुन्हा कबूल केला. राजाचे खरे शिपाई खाली आले, तेव्हाच पाटी उतरली. त्याच्या झोपडीतून म्हातारीची भांडी निघालीच, पण लाजेपोटी गप्प बसलेल्या कितीतरी घरांची चीजवस्तूही निघाली. दिवसभर रहाट करकरत होते आणि कडा हसत होता.

म्हातारी दुसऱ्या दिवशी हेही विसरली. पण सकाळी लेकीची हाळी आली, तशी ती शेजारी गेली, आणि दोघींनी मिळून ताक खाली सोडलं.

म्हणून ध्यानात ठेवा: विसरणाऱ्याच्या हातातला दोर काढून घेऊ नये, त्या दोराला आपलाही हात लावावा.