दादांच्या तोंडी घातलेलं वाक्य

"मग माझं चुकतं कुठं, बुवा?"

गेनूबुवा मकरंदच्या ओसरीच्या कडेला बसून उपरण्यानं चष्मा पुसत होते.

"तुम्ही ज्या माणसाला जन्मात पाहिलेलं नसतं, त्याच्यावर पाऊण तास बोलता. घाटावरची माणसं हमसून हमसून रडतात. मी जिला दहाव्या वर्षापासून ओळखतो, तिच्यावर चाळीस प्रकरणं लिहिली. आणि लोक म्हणतात, ही ती नव्हेच."

"कोण ती?"

"गोदाक्का."

"तुझी कोण लागते?"

"कुणी नाही. पुस्तकातली आहे."

"तुझ्या पुस्तकातली?"

"नाही... दुसऱ्यांच्या. त्या लेखिका वारल्या, तिसरं पुस्तक अर्धवट राहिलं. मग आम्ही वाचकच पुढं लिहितो, मोबाइलवर. फॅन फिक्शन म्हणतात त्याला."

बुवांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मकरंदकडं जरा नीट बघितलं.

"म्हणजे दुसऱ्याचं माणूस घ्यायचं, आणि ते माणूस ज्याचं, तोच विचारायला उरलेला नाही."

"हो, तसंच."

"अरे, मग हा तर माझाच धंदा की!"

आता मकरंद हे सगळं कोणत्या दिवशी विचारत होता ते सांगायला हवं, कारण ऐकून कुणीही कपाळाला हात लावेल. त्याच्या घरात सुतक होतं. त्याचे वडील, तुळशीराम डुंबरे, जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या सकाळी कुकडी नदीच्या घाटावर दहावा.

आमच्या भागात दहाव्याला प्रवचन असतं, आणि पंचक्रोशीत दहाव्याचं प्रवचन म्हणजे गेनूबुवा हाडवळे. चाळीस वर्षं झाली त्यांना. आदल्या दुपारी घरी यायचं, गेलेल्या माणसाची माहिती विचारून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बोलायचं, अशी त्यांची रीत. आज ते त्यासाठीच आले होते.

पण माहिती देणारा पडला लेखक. पुण्यात कंपनीत नोकरी, मोबाइलवर दहा हजार वाचक, आणि त्या दहा हजारांचा ताठा मानेत. त्यानं वडिलांची माहिती आधीच चार पानं लिहून ठेवली होती, सुवाच्य अक्षरात. कागद बुवांच्या हाती दिले आणि लागलीच आपलं दुखणं काढून बसला.

बुवांनी कागद न उघडता मांडीखाली ठेवले.

"हे राहू दे. आधी गोदाक्काचं सांग. कशी आहे?"

"प्रेमळ आहे. कष्टाळू. करारी. खानावळ चालवते. साठ माणसं जेवतात तिच्याकडं, कुणालाही..."

"हे मला रोज ऐकू येतं. नवव्या दिवशी सगळीच माणसं प्रेमळ, कष्टाळू आणि करारी असतात. ती काय करत नाही?"

"म्हणजे?"

"मान कापली तरी करणार नाही, असं काय आहे तिचं?"

मकरंदला ती अडीच पुस्तकं तोंडपाठ होती.

"एकदा पंगत उठली की ती पुन्हा ताट वाढत नाही. कुणालाच नाही. पोटच्या पोरालाही एकदा उपाशी निजवलंय तिनं. आणि... चारचौघांत रडत नाही."

"वा. आता दिसायला लागली. मग तू तिला काय करायला लावलंस?"

"अडतिसाव्या प्रकरणात तिचा घर सोडून गेलेला मुलगा परत येतो. ती धावत जाते. त्याला कवटाळून रडते. म्हणते, बाळा, तू तुझ्या जागी बरोबर होतास."

"कुठं?"

"...भर पंगतीत."

बुवा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"लोक काय म्हणाले?"

"सांगलीच्या एक बाई आहेत. त्यांनी लिहिलं, गोदाक्का असं करणं शक्यच नाही. ती मुलाला पाट मांडून देईल आणि पाठ फिरवून भाकरी थापत बसेल. त्या पाठीकडं बघत तो काय रडायचा तो रडेल."

"बाई शहाणी आहे."

मकरंदला ते झोंबलं. त्या बाईंना त्यानं त्याच दिवशी ब्लॉक करून टाकलं होतं. हे मात्र त्यानं बुवांना सांगितलं नाही.

"वाचणाऱ्यांना ती मिठी नको होती," बुवा म्हणाले. "गोदाक्काला ती जमणारी नव्हती. मग हवी कुणाला होती?"

मकरंदनं मान खाली घातली. आत आई तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज तेवढा येत होता.

गोष्ट अशी होती. तुळशीराम डुंबऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नव्यानं तांब्याची तार भरून घ्यायला लोक पार ओतूरपासून यायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकानावर नवा बोर्ड रंगवून घेतला, 'डुंबरे आणि चिरंजीव'. बोर्डाला नारळ फोडायचा त्याच सकाळी चिरंजीव कुणाला न सांगता मुलाखतीला पुण्याला निघून गेले. तुळशीरामांनी नारळ फोडला नाही. दुसऱ्या दिवशी हातात ब्रश घेऊन स्वतःच 'आणि चिरंजीव' पुसून टाकलं, आणि त्यानंतर पोराशी शब्द बोलले नाहीत. फोन आला की आईच्या हातात द्यायचे.

मकरंदही कमी नव्हता. दिवाळीला यायचा, दोन दिवस राहायचा, दुकानाकडं फिरकायचा नाही. ह्या वर्षी बोलतील, पुढच्या वर्षी बोलतील, असं करत चार वर्षं गेली. आता त्याला राहून राहून वाटत होतं, नुसतं जाऊन दुकानात बसलो असतो तर? बोलले नसते तर नसते बोलले. तांब्याची तार धरून तासभर बसायला काय जात होतं माझं? पण हे शहाणपण दहाव्याच्या आदल्या दिवशी सुचून काय उपयोग!

बुवांनी मांडीखालचे कागद काढले आणि वाचायला लागले. एक पान झालं, दुसरं झालं. भाषा फार सुंदर होती. चौथ्या पानाच्या तळाशी बुवा थांबले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

मग त्यांनी आत हाक मारली. "वहिनी, जरा बाहेर येता का?"

आई दाराशी येऊन उभी राहिली. पदराला तांदळाची कणी चिकटलेली होती.

"पोरानं लिहिलंय. ऐका एवढं." बुवांनी वाचलं, "शेवटच्या क्षणी दादांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, बाळा, तू तुझ्या जागी बरोबर होतास."

मकरंदनं चमकून कागदाकडं बघितलं. तेच वाक्य! शब्द न् शब्द तेच. गोदाक्काच्या तोंडी घातलेलं त्यानं बापाच्या तोंडी घातलं होतं, आणि लिहिताना त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आईनं पदराची कणी काढून टाकली.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण... असं बोलले नाहीत हे."

"काय बोलले?"

"पाणी मागितलं."

"कुणाकडं?"

आईनं पोराकडं बघितलं. सांगावं की नाही, असं तिला झालं असावं.

"माझ्याकडं मागितलं. हा पलीकडं बसला होता, तांब्या ह्याच्या हाताशी होता. तरी माझ्याकडंच."

खरं होतं ते. दोन दिवस मकरंद दवाखान्यात खाटेशेजारी स्टुलावर बसून होता. दादा शुद्धीवर होते. त्याच्याकडं बघत होते, चांगलं टक लावून बघत होते. पण बोलले नाहीत.

आई आत गेली. पुन्हा सुपाचा आवाज सुरू झाला.

"उद्या हे वाचू का?" बुवांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तू म्हणशील तर वाचीन. चारशे माणसं ऐकतील, रडतील, तुला जवळ घेतील. आणि उद्यापासून गावात तुझे वडील म्हणजे हेच."

"लोकांना बरं वाटेल, बुवा."

"वाटेल की."

"मलाही..."

"तुलाही वाटेल, महिनाभर. पुढं कधी खऱ्या बापाची आठवण काढायला बसशील, तेव्हा हा हात हातात घेणारा आडवा येईल. खरे मग सापडायचे नाहीत तुला."

मकरंदला रडू आवरेना. नऊ दिवस तो रडला नव्हता. लोक म्हणत होते, शिकलेला आहे, धीराचा आहे. कसला धीर! त्यानं मनातल्या मनात बापाला बोलतं करून ठेवलं होतं, म्हणून त्याचं निभावत होतं.

"नका वाचू," तो म्हणाला.

"मग काय सांगू?"

"जे झालं ते सांगा... चार वर्षं बोलले नाहीत म्हणून सांगा."

"आणि मनात काय होतं त्यांच्या?"

"मला नाही माहीत."

बुवांनी कागदांची घडी केली आणि त्याच्या हातात परत दिली. "आता जमेल तुला लिहायला," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी घाटावर बुवा पाऊण तास बोलले. जळालेल्या मोटारींबद्दल बोलले. तुळशीराम डुंबरे दुसऱ्यानं भरलेली कॉइल कधी दुरुस्त करत नसत, सगळी उसवून पहिल्यापासून भरत, हे सांगितलं. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, मोटार फिरवून बघितल्याशिवाय हातची सोडत नसत, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "मुलाशी चार वर्षं बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. जाताना मनात काय होतं ते ठाऊक नाही. ते त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं."

मग पिंड ठेवला. भात, वर दही, बाजूला त्यांच्या आवडीचं पिठलं. सगळे मागं सरकले. समोर चिंचेवर एक कावळा बसला होता. एकच, चांगला थोराड.

कावळा खाली येईना.

चुलते पुढं झाले, हात जोडले. "दादा, दुकान बंद पडू देणार नाही." कावळा हलला नाही. मकरंदची बहीण म्हणाली, "दादा, आईला मी सांभाळीन." कावळ्यानं मान वळवून नदीकडं बघितलं. अर्धा तास झाला, ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून मकरंदवर येत होत्या. शेवटी चुलत्यांनी त्याला कोपरानं ढोसलं. "अरे, तू बोल की! तुझ्यातच अडकलाय त्यांचा जीव."

मकरंद पुढं गेला. नुकतेच केस काढलेल्या डोक्यावर ऊन लागत होतं.

"दादा," तो म्हणाला, "तुम्ही न बोललेलं एक वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं होतं. ते माझं होतं. ते मी परत घेतो... तुम्हाला राग होता तर राग असू दे. मी यायला पाहिजे होतं दुकानात. आलो नाही."

आणि तो हात जोडून उभा राहिला. आता येईल, असं सगळ्यांनाच वाटलं. खोटं कशाला बोला, त्यालाही वाटलं. पोटातलं काढून दिल्यावर तरी येतील...

कावळ्यानं पंख झाडले आणि परत मिटून घेतले.

आई पायरीवर बसली होती. ती एकदम म्हणाली, "मोटार हातात असली की हे पहिल्या हाकेला कधी जेवायला आलेत?" आणि नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं, बहिणीनं तिला धरलं.

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. कावळा शिवलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि पुढचं उरकतात. त्यांनी बुवांकडं बघितलं. "करून घेऊ का? लोक खोळंबलेत."

"थांबा ना, गुरुजी," मकरंद म्हणाला. मग बुवांकडं वळून, हळू आवाजात, "बुवा, मी खरं तेच बोललो. तरी येत नाहीत हो."

गेनूबुवांनी हात कपाळाशी धरून चिंचेकडं बघितलं.

"मग? ... तुळशीराम डुंबरेच ना ते?"