रांगेच्या शेवटची ळ

एका राज्यात अक्षरे माणसांसारखी चालत असत, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. तिथे राजा प्रतापध्वज राज्य करी. त्याच्या राणीचे नाव इरावती, आणि अडीच वर्षांच्या लेकीचे नाव चंद्रकळा.

दर विजयादशमीला अक्षरांची मिरवणूक निघे. रीत अशी होती की प्रत्येक अक्षराने एक शब्द आणायचा, त्याच्या पुढे उभे राहायचे आणि राजाला मुजरा करायचा. त्या वर्षी क कमळ घेऊन आला, ग गजराज घेऊन आला. म तर मोर, मध आणि महाराज असे तिन्ही घेऊन आला, कारण तो पहिल्यापासूनच खुशमस्कऱ्या. सर्वांत शेवटी ळ आली. कानांत दोन वाटोळी कुंडले, पाठीला वाक, आणि हात रिकामे.

राजाने विचारले, "म्हातारे, तुझा शब्द कुठे?"

"महाराज, माझे शब्द पुष्कळ आहेत. पण मी कुठल्याच शब्दाच्या पुढे उभी नसते. कुठे मधे असते, कुठे शेवटी."

"जो पुढे उभा राहत नाही, तो आमचा सरदार नाही. चालती हो."

दरबार हसला. राणीही हसली, पदराआड. हे ध्यानात ठेवा.

"जाते," ळ म्हणाली. "माझे तेवढे बरोबर नेते."

ती वेशीबाहेर पडली, आणि गावातल्या सगळ्या साळुंक्या तिच्या मागोमाग उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळ झालीच नाही. रात्र सरली आणि एकदम दुपार उभी राहिली. झाडांना फळ धरेना. ओंजळीत पाणी ठरेना. कोठारातले तांदूळ गेले, डाळ गेली, गूळ गेला. साखर राहिली खरी, पण नुसत्या साखरेवर सण होतात का? लोकांनी कपाळाला हात लावायचे म्हटले, तर कपाळही जागेवर नव्हते. तरी भाकरी होती, कांदा होता. माणूस चिवट. त्याने तेही सोसले.

एक मात्र कुणाला सोसवेना. जवळ नावाची जागाच राज्यातून उठली. आई आणि लेकरू यांच्यामध्ये दोन हातांचे अंतर पडले. आईने पाऊल पुढे टाकले की जमीन तेवढीच लांब होई. राणी लांब दांड्याच्या डावाने लेकीला दूधभाकरी भरवी. लेक हात पसरून रडे. राणी हाक मारू जाई, तर "चंद्रक" एवढ्यावर जीभ अडे, आणि अर्ध्या नावाला लेक ओ देत नसे. मांडी रिकामी, कूस रिकामी. राणी झुरणीला लागली.

राजमांत्रिक शब्दपाणि पोथी घेऊन आला. म्हणाला, "महाराणी, शोक नसावा. समीप म्हणावे, निकट म्हणावे. असे शब्द पोथीत शेकड्यांनी आहेत."

राणीने दिवसभर समीप म्हटले, निकट म्हटले. अंतर तसूभरही घटले नाही.

"मांत्रिका," राणी म्हणाली, "समीप मंत्री बसतात. लेकराला पोटाशी धरायचे असते."

मग ती राजाकडे गेली. "महाराज, तिची क्षमा मागायला हवी."

"मी राजा. त्या म्हातारीपुढे मी वाकू?"

"आपण राहा. हसणाऱ्यांत मीही होते. मी जाते."

राणी अनवाणी निघाली. राज्याच्या हद्दीवर एक धोंडा होता, त्यावर एक पक्षीण बसली होती.

"कोण तू?" राणीने विचारले.

"मी साळुंकी."

ते अक्षर कानावर पडले मात्र, राणी मटकन खाली बसली आणि रडू लागली. "पुन्हा म्हण."

"साळुंकी."

"आणखी एकदा."

"बाई, ऐकून का पोट भरते? माझ्या मागून ये. पुढे मात्र होऊ नकोस."

ओढ्यापलीकडे ळचे खोपटे होते. दारात सकाळ वासरासारखी खुंटाला बांधलेली होती. अंगणात फळांच्या राशी, आत आभाळाची घडी, आणि आढ्याला टांगलेले राज्यातले सारे पाळणे. राणीने त्यातला आपल्या लेकीचा पाळणा ओळखला.

ळ म्हणाली, "तीन कामे कर, मग बोलू. पहिले, हे पायलीभर नाचणीचे दळण. दळताना ओव्या गा. प्रत्येक ओवीत राज्यातल्या एका बाईचे नाव घे, तुझे मात्र नको."

राणीने आयुष्यात जात्याचा खुंटा धरला नव्हता. हाताला फोड आले. तिला दोन दासींची आणि एका सुइणीची एवढीच नावे ठाऊक होती. तीन ओव्या झाल्या आणि गाणे खुंटले.

"पक्षिणी," राणीने विचारले, "माझ्या राज्यात आणखी बायका कोण आहेत?"

साळुंकी नावे सांगत गेली. हौसा कुंभारीण, ठकू नावाडीण, सारजा, गोदू, यसू. तीन दिवस दळण चालले आणि तीन दिवस नावे संपली नाहीत. राणीला स्वतःची लाज वाटली.

दुसरे काम केळीला पाणी घालण्याचे. ओढा राज्याच्या हद्दीत होता, भांडे घ्यायचे नव्हते, आणि हातात पाणी ठरत नव्हते. राणीने शंभरदा हात बुडवले, शंभरदा ते रिकामे आले. शेवटी तिने पदर ओढ्यात भिजवला आणि केळीच्या बुंध्याशी पिळला. ज्या पदराआड ती हसली होती, तोच पदर. ळने ते पाहिले.

तिसऱ्या कामाला तिने एक शिंपला दिला. त्यात मध होता. "हा ज्याच्या जिभेला लागेल, त्याच्या तोंडी मी परत आले. वेशीत उभी राहा. प्रत्येक आईला बोट बुडवू दे. तू सर्वांत शेवटी."

"सर्वांना पुरेल?"

"ते मला ठाऊक नाही."

"आणि माझी लेक दोन हातांच्या अंतरावर रडत असेल."

"असेल," ळ म्हणाली. "माझ्या वाट्याला जन्मभर शेवटचीच जागा आली. तू एक दिवस तिथे उभी राहून पाहा."

राणी वेशीत आली तेव्हा चंद्रकळा धुळीत बसली होती. आईला पाहताच तिने दोन्ही हात वर केले. "आई, घे."

खरे सांगतो, राणीने बोट मधाच्या काठापर्यंत नेले. मग मिटून घेतले. आणि गाव जमला होता त्याकडे वळून तिने हाक मारली, "हौसा कुंभारीण, पुढे ये."

राणीला आपले नाव कसे ठाऊक, म्हणून हौसा चकित झाली. तिने मध चाटला, मागे वळून "बाळा!" म्हणाली, आणि तिचा लेक धावत येऊन तिच्या कमरेला बिलगला. मग ठकू आली. मग सारजा, गोदू, यसू. राणी नाव घेई, शिंपला पुढे करी, आणि दुसऱ्याची मांडी भरलेली पाही. "आई, घे," लेक म्हणत होती. राणी ऐकत होती. मध घटत होता.

रांग सरली तेव्हा राज्यात कित्येक महिन्यांनी संध्याकाळ झाली. शिंपल्याच्या तळाशी एका बोटापुरता मध उरला होता. राणी बोट बुडवणार, तोच मागे पावले वाजली. राजा उभा होता, अनवाणी, मुकुट काखेत.

"महाराज, मध एकालाच पुरेल."

"तूच घे," राजा म्हणाला. "तिला मी हाकलले. शेवटी मीच."

राणीने मध जिभेला लावला. "चंद्रकळा! ये बाळ, जवळ ये."

पुऱ्या नावाला लेकीने ओ दिली. दोन हातांची जमीन दोन पावलांची झाली आणि सरली. राणीने लेकीला पोटाशी घेतले, आणि लेकीने आईच्या मधाळ तोंडाचे पापे घेतले. मायलेकी कितीतरी वेळ तशाच होत्या. सांगणाऱ्याने तिकडे पाहिले नाही.

राजा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. शिंपला कोरडा होता. त्याने मान खाली घातली.

आईच्या खांद्यावरून लेकीने त्याला पाहिले. तिच्या ओठांना मध लागलेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "जवळ ये."

आणि ज्याच्या तोंडी ते अक्षर नव्हते, त्या राजाला जमिनीने वाट दिली.

मग वेशीतून ळ आली, हाती सकाळचे दावे धरून. राजा तिच्यापुढे वाकला. "आजी, यंदा मिरवणुकीत तुमची जागा पुढे."

"नको रे राजा. मला मागेच बरे."

तेव्हापासून त्या राज्याचा राजा मिरवणुकीत पुढे चालत नाही. लेकीला खांद्यावर घेऊन तो सर्वांच्या मागे, म्हातारीच्या पावलाने चालतो. ळ परतली, सकाळ परतली. ऐकणाऱ्यांची माणसे ऐकणाऱ्यांच्या जवळ राहोत.