साहेबाचा कुत्रा मोठा, राजा धाकटा

आंबेगडच्या श्रीमंत अमृतराव महाराजांचं डोकं फिरलं ते एका कार्डामुळे. दरबाराला गोऱ्या साहेबाला बोलवायचं म्हणून संस्थानच्या छापखान्यात इंग्रजी कार्ड छापलं होतं. महाराजांना इंग्रजी येत नव्हतं, पण लहान-मोठं मात्र चांगलं कळत होतं. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी दिवाणजींना विचारलं. साहेबाचं नाव? पहिलं अक्षर मोठं. सोमवार? मोठं. साहेबाबरोबर बोलावलेला त्याचा कुत्रा टोबी? तोही मोठा. आणि राजा? नावाशिवाय नुसता 'राजा' असला की इंग्रजीत धाकटंच अक्षर घालतात, दिवाणजी म्हणाले.

"म्हणजे सोमवार दर आठवड्याला येतो, तो मोठा. कुत्रं आमच्या खांबापाशी तंगडी वर करतं, ते मोठं. आणि आम्ही धाकटे?"

इंग्रजी व्याकरणाला हत्तीच्या पायी देता येईना, म्हणून छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा केरोबा सापडला. त्याला कोठडीत घातलं आणि हुकूम सुटला. उद्या दुपारपर्यंत नवं कार्ड हवं. मोठं अक्षर दिसेल ते फक्त महाराजांसाठी. इंग्रजी चुकायचं नाही, साहेबही दुखवायचा नाही. नाही जमलं तर केरोबानं संस्थानची हद्द सोडावी. किती सोपं काम! साहेबाचं नाव धाकट्या अक्षरानं लिहावं तर चूक, मोठ्यानं लिहावं तर हद्दपारी. त्यात इंग्रजीत दर वाक्याचं पहिलं अक्षर मोठंच लागतं. दिवाणजींनी तर आधीच हात टेकले.

केरोबाची लेक भागू छापखान्यातच कामाला होती. वापरलेले खिळे धुवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. बापाच्या हाताखाली शेकडो इंग्रजी आमंत्रणं तिच्या हातून गेली होती. आई लहानपणीच गेलेली, बाप कोठडीत. पोरीचा जीव नुसता तळमळत होता. एकेक खण उघडता उघडता तिला बापाचा पहिला धडा आठवला: "आपल्यात आय मोठी ना? तशी इंग्रजीतही 'आय' कायम मोठीच. फक्त तिकडं आय म्हणजे मी." भागूनं डोळे पुसले आणि मोठ्या अक्षरांच्या खणातले सगळे 'आय' उपसून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कार्ड घेऊन दरबारात उभी राहिली. दिवाणजींनी चष्मा चढवला आणि ते मराठी करून वाचायला लागले. मी आपणास दरबाराला बोलावतो. मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपली वाट पाहीन. मी आपल्या कुत्र्यासाठीही गादी घालीन. खाली महाराजांचं नाव. दिवाणजींनी कार्ड उलटंसुलटं केलं, पण बोट ठेवायला जागा सापडेना.

"दर वाक्य 'आय'नं सुरू होतं, महाराज," भागू म्हणाली. "आय म्हणजे आपण स्वतः. साहेबाला नुसतं 'यू' म्हटलंय, आणि तो शब्द वाक्यात मधे आला की इंग्रजीत धाकटाच असतो. सोमवार काढून पौर्णिमा घातली, ती इंग्रजीत धाकटीच. कुत्र्याचं नाव घेतलंच नाही."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. पण शंका काही जाईना. साहेब एवढा हुशार, त्याच्या हे लक्षात आलं तर?

"कसं येईल, महाराज? साहेब कार्ड मोठ्यानं वाचणार. दर ओळीला त्याच्याच तोंडून 'आय, आय' निघणार. त्याला वाटेल, आपलंच कौतुक चाललंय!"

महाराज आधी गालात हसले, मग असे खदखदले की पगडी हातानं धरावी लागली. दिवाणजीही हसले, अर्थात महाराजांच्या नंतर. हसू ओसरल्यावर महाराजांनी विचारलं, हा 'आय' आमच्यापुरता राखून ठेवता येईल का?

"नाही, महाराज. झाडूवाल्यानं लिहिला तरी तो मोठाच. पण मराठीत तरी काय? राजाचा 'रा' आणि राखेचा 'रा' आम्ही एकाच खणातून काढतो."

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. महाराज मात्र पुन्हा हसत सुटले. केरोबाला कोठडीतून आणवलं, त्याची बेडी तिथल्या तिथे निघाली, त्याच्या खांद्यावर शेला पडला आणि भागूला छापखान्यात बापाशेजारी पगाराची जागा मिळाली. नेमणुकीच्या कागदावर तिला सही करायला सांगितलं. तिनं इंग्रजीत आपलं नाव लिहिलं, पहिलं अक्षर चांगलं ठसठशीत मोठं.