बिब्ब्याचा ठिपका

इनामदार तात्यासाहेबांना नदीघाटावर मळा करायचा होता, आणि नेमका तिथंच सगुणा परटिणीचा धुण्याचा दगड होता. एके सकाळी त्यांनी पंच जमवले आणि दरडावून सांगितलं, "हिच्याकडं पाच उपरणी धुवायला दिली, चारच परत आली. चोरटी आहे. घाटावरून हाकला हिला!"

गेल्या साली सगुणेच्या नवऱ्यावर, म्हादूवर, असाच आळ आला होता, तेव्हाही हेच पंच मान डोलावत बसले होते. आजही तिच्या बाजूनं कुणी बोलणार नव्हतं. तिनं कशीबशी मान वर केली, आणि तिची नजर इनामदारांच्या खांद्यावर थबकली.

"सरकार, हे अंगावरचं उपरणं त्या पाचातलं का?"

"छट्! हे नवंकोरं आहे. अजून पाणीसुद्धा लागलं नाही याला."

"मग त्याचा कोपरा तेवढा पंचांना दाखवा."

कोपऱ्यात बिब्ब्याचे नऊ काळे ठिपके होते, कितीही धुतलं तरी न जाणारे. परत आलेल्या चारही उपरण्यांवर तेवढेच होते.

"दर धुण्याला एक ठिपका घालते, सरकार. नववा परवाचा."

पंच खाली बघू लागले. इनामदार चरफडले, "एवढी नोंद ठेवतेस? आमच्यावर विश्वास नाही?"

"विश्वास माझ्या धन्याचा होता, सरकार. त्यानं कधी ठिपका घातला नाही. त्याच धुण्याच्या दगडावर वहाणा काढून तो डोहात उतरला, तो वर आलाच नाही, तेव्हापासून मी घालते."