नव्वद गासड्या आणि चाळीस मांजरे

"तीन दिवस! तिसऱ्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी तुझ्या बापाचे बोलणे सिद्ध कर, नाहीतर तो गाढवावर उलटा बसून राज्याची हद्द ओलांडील!" राजे उदयभानू भर दरबारात आवडीवर गरजले.

तिचे वडील रखमाजी बंदरातील हमालांचे मुकादम. अपराध एवढाच, की मकरद्वीपाच्या सरकारी व्यापार कंपनीची गासडी उतरवताना आतून खणखणाट झाला, आणि ते चारचौघांत म्हणाले, "सुके बोंबील कधीपासून वाजू लागले बुवा?" ही कंपनी परमुलखांत व्यापाराच्या नावाखाली भलतेच उद्योग करते, अशी कुजबुज सात बंदरांत होती, उघड बोलले ते एकटे रखमाजी! कंपनीचे वखारप्रमुख रंगमल्ल तडक दरबारी आले. मित्रराज्याची बेअब्रू झाली म्हणे!

राजे हट्टी. त्यांनी तीन अटी घातल्या. "गासड्यांवरचा लाखेचा शिक्का मोडायचा नाही, तसा करार आहे. वखारीत पाऊल टाकायचे नाही. आणि माणसाची साक्ष मला चालणार नाही. कंपनीचे सोने कोणाकडून काय वदवील, आणि बापाची माया कोणाकडून काय, देव जाणे!"

"आवडे, उगाच जीभ सैल सोडली ग," कोठडीच्या गजांआडून रखमाजी कळवळले.

"बाबा, बोललात ते खरेच. आता ते राजांना पटवायचे, एवढेच उरले."

आवडी बाजारात सुकी मासळी विकायची. विकण्यापेक्षा तिचा अधिक वेळ काठीने मांजरे हाकण्यात जाई! साऱ्या बंदरालाच मासळीचा वास; वखारीला तो आहे की नाही, हे कोण हुंगत बसणार? आवडी मात्र दोन दिवस वखारीभोवती फिरली आणि छपराकडे पाहत राहिली. छपरावर एकही मांजर नव्हते.

तिसऱ्या दिवशी नव्वद गासड्या घाटावर न्यायच्या म्हणून वखारीपुढील पटांगणात रचल्या होत्या. राजे आले. रंगमल्ल मिशीला पीळ देत उभे राहिले. कडेला गाढव सजवून ठेवले होते.

"कुठे आहे तुझा साक्षीदार?" राजांनी विचारले.

"एक नव्हे महाराज, चाळीस आहेत. आणि माणूस त्यांत एकही नाही!"

आवडीबरोबर आलेल्या कोळणींनी टोपल्यांची झाकणे काढली. चाळीस मांजरे बाहेर उसळली! पटांगणाच्या पार पलीकडच्या टोकाला आवडीने आपली लहानशी पाटी ठेवली होती; तीत बोंबील होते मोजून पंधरा. मांजरे गासड्यांवरून उड्या मारीत थेट त्या पाटीवर तुटून पडली. एक काणा बोका तेवढा गासडीवर थांबला. त्याने तिथे सावकाश आळस दिला आणि मग तोही पाटीकडे गेला. लोक पोट धरधरून हसू लागले.

"मांजरांची साक्ष!" रंगमल्ल ओरडले. "महाराज, आमची मासळी मेणकापडात बांधलेली असते. वास येईलच कसा?"

राजे घोटाळले. "हं. मेणकापड! तेही खरेच."

सूर्य कलला होता. गाढवाने एकदा कान हलवले. आवडीने पदर खोचला.

"मग मेणकापडातली ही अपूर्व मासळी मला विकत हवी!"

"आम्ही किरकोळ विकत नाही."

"घाऊक घेऊ. महाराज, घ्याल ना?"

राजांना गंमत वाटली. "घेतो की! नव्वदच्या नव्वद, मागाल त्या भावाने!"

रंगमल्लांनी मिशीवरचा हात काढला. "हा माल विकायचा नाही."

"दहापट भाव दिला तरी?"

"सांगितले ना पोरी, कोणत्याही भावाला नाही!"

"महाराज," आवडीने हात जोडले, "कराराची दवंडी दरवर्षी माझ्या पाटीपाशीच पिटतात. 'कंपनी जोवर या बंदरी व्यापार करील, तोवर तिच्या शिक्क्यास कोणी हात लावू नये.' आता वखारप्रमुखांनीच ठरवावे! विकलात, तर गासड्या महाराजांच्या. आपल्या गासड्या महाराज खुशाल उघडतील. दहापट भावानेही विकला नाहीत, तर हा व्यापारच नव्हे. मग तो शिक्का कसला? नुसती लाख!"



राजांनी स्वतः पहिली गासडी फोडली. तलवारी! दुसरीतही तलवारी! तिसरीत राजवाड्याचा नकाशा. राजे तो उलटसुलट करून पाहू लागले आणि एकाएकी खो खो हसत सुटले.

"अरे, माझ्या शयनगृहाची खिडकी किती बरोबर काढली आहे! आमच्या गवंड्यालाही इतकी सरळ साधली नाही! पोरी, माग, काय हवे ते माग!"

"बाबांना सोडावे, महाराज. आणि ते गाढव..."

"त्याचे काय?"

"सकाळपासून सजून उभे आहे बिचारे. रिकामे कशाला परत न्यायचे?" आणि तिने अदबीने रंगमल्लांकडे पाहिले.

राजे इतके हसले, की पगडी गळ्यात आली. रंगमल्ल उलटे बसून हद्दीकडे निघाले. रखमाजींना बंदरातल्या जकातीची नाकेदारी मिळाली, आवडीला मोत्यांची माळ. त्या काण्या बोक्यालाही राजांनी हुकूम काढून सरकारी कोठारातून रोज एक बोंबील बांधून दिला; मेणकापडात न गुंडाळता!